आतल्या दारांचं काय?

जून २०१७ मधली गोष्ट. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल एकाएकी थंडावलं. क्रेन शाबूत होत्या, माणसं कामावर होती. बंद पडली होती ती कुठला कंटेनर कोणाचा आणि तो कुठं हलवायचा हे सांगणारी कॉम्प्युटरयंत्रणा. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. त्या दिवशी, २७ जूनला, जगभर मर्स्कच्या कितीतरी टर्मिनलांत हेच घडत होतं.

सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये. तिथं कराचे हिशेब भरायला ‘एम.ई.डॉक’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून तिच्या अपडेटमध्येच व्हायरस मिसळला. पुढं त्याचं नाव ‘नॉटपेट्या’ पडलं. मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर बसवलेलं होतं. तेवढा एक कॉम्प्युटर पुरला.

ओडेसातल्या हिशेबाच्या टेबलावरून उरण तालुक्यातल्या धक्क्यापर्यंत व्हायरस पोचला कसा? हाच प्रश्न छोट्या प्रमाणात आपल्याकडे रोज कुठं ना कुठं पडतो. अकाउंट्समधल्या कुणीतरी मेलमधली फाइल उघडली आणि दुपारपर्यंत अख्खं ऑफिस बसलं. मग खापर फुटतं ते फाइल उघडणाऱ्याच्या डोक्यावर, आणि पुढच्या आठवड्यात ‘अनोळखी मेल उघडू नये’ असं परिपत्रक निघतं. परिपत्रकाला माझी हरकत नाही. पण शंभर माणसांच्या ऑफिसात कधी ना कधी कुणीतरी फाइल उघडणारच. शिवाय ओडेसातल्या त्या माणसानं काय चूक केली होती? त्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, जे व्हायलाच हवं होतं. तेव्हा विचारायचं ते असं, की एका कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं लचांड त्या कॉम्प्युटरपाशीच का थांबलं नाही?

फायरवॉल काय बघते, काय बघत नाही

नेटवर्कवरून जाणारी माहिती छोट्या तुकड्यांत जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि एक क्रमांक असतो, ज्याला पोर्ट म्हणतात. हे पॅकेट कुठल्या कामासाठी आलंय ते पोर्टवरून कळतं. वेबसाइट बघायची असेल तर ४४३, दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं शेअर्ड फोल्डर उघडायचं असेल तर ४४५, लांबून दुसऱ्या कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचा असेल तर ३३८९. फायरवॉल म्हणजे हे पत्ते आणि पोर्ट वाचून, दिलेल्या नियमांप्रमाणे पॅकेट सोडणारं किंवा अडवणारं यंत्र.

हे यंत्र बसवलेलं असतं इंटरनेटची लाइन ऑफिसात शिरते तिथं. बाहेरून आत आणि आतून बाहेर जाणारं सगळं त्याच्यासमोरून जातं. पण अकाउंट्सच्या टेबलावरून स्टोअरच्या टेबलावर जाणारं पॅकेट फायरवॉलकडे फिरकतही नाही. ते मधल्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात त्या डब्यातून, थेट पलीकडं जातं. साधा स्विच काही विचारत नाही. पत्ता बघतो आणि पोचवतो.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. नाव लिहून घेतो, कुणाकडं जायचंय ते विचारतो. तरी आपण घराला कुलूप लावूनच बाहेर पडतो, कारण आत आलेला माणूस कुठल्या मजल्यावर जातो ते वॉचमनला दिसत नाही. बहुतेक ऑफिसांच्या नेटवर्कची तऱ्हा अशी, की गेटवर भारी पगाराचा वॉचमन आणि आत एकाही घराला दार नाही.

अशा रचनेला सपाट नेटवर्क म्हणतात. कुणी मुद्दाम तसं करत नाही. पहिल्यांदा दहा कॉम्प्युटर असतात, मग वीस होतात, एक सर्व्हर येतो, सीसीटीव्ही येतो, बोटांच्या ठशांचं हजेरीयंत्र येतं. पॉइंट कमी पडला म्हणून कुणीतरी टेबलाखाली पाच केबली लावता येतील असा छोटा स्विच टाकतं. सगळं चालतंय म्हटल्यावर त्याकडं पुन्हा कोण बघणार?

नॉटपेट्याच्या दोन वाटा

आत शिरल्यावर नॉटपेट्या दोन वाटांनी पसरत होता. दुसरी वाट जास्त शिकवणारी आहे, पण आधी पहिली.

विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या सोयीत एक खोट होती. त्या खोटीचा फायदा घेणारं हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत तयार झालं होतं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडं पडलं. त्याचं नाव ‘इटर्नलब्लू’. पोर्ट ४४५ वर विशिष्ट रीतीनं बिघडवलेली पॅकेट पाठवली की समोरचा कॉम्प्युटर पासवर्ड न विचारता ताब्यात यायचा. मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती, म्हणजे पॅच, १४ मार्च २०१७ लाच दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’नं याच वाटेनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा पॅच येऊन दोन महिने होत आले होते. नॉटपेट्या आला तेव्हा तीन महिने उलटून गेले होते.

म्हणजे पॅच वेळेवर टाकले की झालं? नाही. पॅच टाकलेले कॉम्प्युटरही त्या दिवशी पडले. ते दुसऱ्या वाटेनं.

प्रिंटर दुरुस्त करायला आलेला ॲडमिन

कल्पना करा, अकाउंट्समधल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडलाय. आयटीवाला येतो. नवा ड्रायव्हर टाकायला विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं. तो आपल्या ॲडमिन नावानं लॉगिन करतो, पाच मिनिटांत प्रिंटर सुरू होतो. तेवढ्यात दुसरीकडून फोन येतो. घाईत तो लॉगऑफ न करता नुसतं ‘स्विच युजर’ करून निघून जातो. स्क्रीनवर पुन्हा अकाउंट्सच्या मॅडमचं नाव दिसायला लागतं. सगळं पूर्ववत.

पूर्ववत नाही. त्या कॉम्प्युटरच्या मेमरीत ॲडमिनच्या लॉगिनची खूण तशीच पडून असते. विंडोजनं ती सोयीसाठी ठेवलेली असते. एकदा लॉगिन केल्यावर शेअर्ड फोल्डर उघडताना, प्रिंट देताना, दर वेळी पासवर्ड विचारला तर लोक वैतागतील, म्हणून पासवर्डचं एक सांकेतिक रूप मेमरीत राहतं आणि विंडोज ते परस्पर दाखवत राहतं. नेटवर्कवरचे दुसरे कॉम्प्युटरही तेवढं रूप मानून घेतात. ते हाती आलं की मूळ पासवर्ड ओळखायची गरजच उरत नाही. पासवर्ड आठ अक्षरी असो की अठ्ठावीस, फरक पडत नाही.

मेमरीतून ही खूण काढता येते हे बेंजामिन डेल्पी या फ्रेंच प्रोग्रामरनं ‘मिमिकॅट्झ’ नावाच्या आपल्या अवजारानं कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. नॉटपेट्यामध्ये त्याच जातीचा कोड होता. पॅच न टाकलेला एक कॉम्प्युटर सापडला की तो त्याच्या मेमरीतून ॲडमिनची ओळख उचलायचा, आणि मग पॅच टाकलेल्या कॉम्प्युटरांमध्ये राजरोस ॲडमिन म्हणून शिरायचा. त्यासाठी वापरायचा तीही विंडोजची स्वतःची, ॲडमिनच्या रोजच्या कामाची साधनं. कुठं काही फोडलं नाही, मोडलं नाही. त्यामुळं धोक्याची घंटा तरी कशाला वाजेल?

त्यावरचे उपाय खर्चाचे कमी आणि सवयीचे जास्त आहेत. आयटीवाल्याची खाती वेगळी हवीत. मेल वाचायला साधं खातं, टेबलांवरचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला दुसरं, आणि सर्व्हरसाठी तिसरं, जे सर्व्हर सोडून कुठंही टाइप व्हायचं नाही. म्हणजे प्रिंटरपाशी राहिलेली खूण चोरली तरी सर्व्हर हाती लागत नाही.

आणखी एक खोड बहुतेक ठिकाणी सापडते. नवे कॉम्प्युटर आले की एक नीट तयार करायचा आणि त्याचीच नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. काम भराभर होतं, पण प्रत्येक कॉम्प्युटरचा स्थानिक ॲडमिन पासवर्ड एकच होऊन बसतो. प्रत्येक कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा ठेवून तो आपोआप बदलत राहणारं ‘लॅप्स’ नावाचं साधन मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून फुकट देतं. २०२३ पासून ते विंडोजमध्येच आहे. तरी ते कुणी सुरू केलेलं क्वचित दिसतं.

बाहेरून येणाऱ्या लॉगिनचंही तसंच. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीवर मे २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. घरून किंवा प्रवासातून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची वाट म्हणजे व्हीपीएन. त्या खात्याला पासवर्ड होता, पण मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीनं सावधगिरी म्हणून पाइपलाइन बंद केली आणि पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलपंपांसमोर रांगा लागल्या.

दारं बसवायची कशी

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला.  रुग्णांची नोंदणी, दाखल करणं, घरी सोडणं, सगळं दोन आठवडे कागदावर चाललं. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्ल्याच्या तडाख्यात सापडली. सरकारनं संसदेत कारण सांगितलं ते सरळ होतं: नेटवर्कचे भाग नीट पाडलेले नव्हते.

भाग पाडायला प्रत्येक विभागासाठी वेगळ्या केबली टाकाव्या लागत नाहीत. ‘मॅनेज्ड’ प्रकारचा स्विच असेल तर त्याला सांगता येतं की केबल लावायच्या जागा (त्यांनाही पोर्टच म्हणतात) १ ते ८ एका गटाच्या, ९ ते १६ दुसऱ्या गटाच्या. एकाच डब्यात असूनही हे गट एकमेकांना दिसत नाहीत. अशा गटाला व्हीलॅन म्हणतात. एका गटातून दुसऱ्यात जाणारी वाट फायरवॉलसमोरून काढायची. म्हणजे आतापर्यंत फक्त गेटवर असलेली विचारपूस मजल्यामजल्यावर सुरू होते.

कुणाला वेगळं ठेवायचं? सर्व्हर एका गटात, कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर दुसऱ्यात. पाहुण्यांचं वायफाय पूर्ण वेगळं, त्यातून फक्त इंटरनेट. कॅमेरे आणि हजेरीयंत्रं वेगळी, कारण त्यांना अपडेट क्वचितच मिळतात आणि पासवर्ड पुष्कळदा कारखान्यातलाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं असे साठेक ठरीव पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. हॉस्पिटलात तर सीटी स्कॅनसारख्या यंत्रांबरोबर येणारे जुने कॉम्प्युटर असतात. त्यांवर पॅच टाकायला यंत्राची कंपनी पुष्कळदा परवानगी देत नाही. त्यांना वेगळ्या गटात कोंडून फक्त रिपोर्ट ठेवणाऱ्या सर्व्हरशी बोलू देणं, एवढंच हाती असतं. बाहेरच्या ठेकेदारांना दिलेला प्रवेशही असाच आखडता हवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा चोर शिरले होते ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिननं.

कामातला अवघड भाग स्विचमध्ये नाही, तो यादीत आहे. कोण कोणाशी आणि कुठल्या पोर्टवर बोलतं, हे बऱ्याच संस्थांत कुणालाच पूर्ण माहीत नसतं. त्यामुळं आल्याआल्या अडवाअडवी करायची नाही. पहिले काही आठवडे सगळं जाऊ द्यायचं, पण लिहून घ्यायचं. त्यात महिनाअखेर यायला हवी, कारण पगाराचं सॉफ्टवेअर तेव्हाच जागं होतं. टीडीएसची तिमाही आणि ३१ मार्चची गडबडही ध्यानात ठेवायची. नाहीतर पगाराच्या दिवशी काहीतरी अडतं, वरून फोन येतो, आणि आयटीवाला घाबरून ‘सगळ्यांना सगळीकडे परवानगी’ असा नियम टाकून मोकळा होतो. तो नियम मग वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी पाहिलेल्या नियमांच्या याद्यांत सगळ्यात धोकादायक ओळ बहुधा अशीच घाईत पडलेली असते.

एवढं सगळं जमणार नसेल तर एक तरी करा. कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी पोर्ट ४४५ वर बोलणं बंद करा. विंडोजच्या आतल्याच फायरवॉलनं ते होतं, नवं यंत्र घ्यावं लागत नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरनं सर्व्हरशी बोलावं. शेजारच्या टेबलाशी बोलायचं त्याला खरं काहीच कारण नसतं. कुरकुर होईल, कारण कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ‘कॉमन’ नावाचं फोल्डर असतं आणि सगळा विभाग त्यावर जगत असतो. ते फोल्डर सर्व्हरवर हलवायचं. प्रिंटर कुणाच्या कॉम्प्युटरला जोडून शेअर केला असेल, तर तो सरळ नेटवर्कला जोडायचा.

चौकट: आयटी विभागाला विचारायचे प्रश्न

• स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवरून पगाराचा सर्व्हर दिसतो का? माझ्यासमोर करून दाखवा.
• सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड सर्व्हर सोडून आणखी कुठं टाइप होतो?
• नोकरी सोडून गेलेल्यांची व्हीपीएन खाती बंद केली का? चालू खात्यांना ओटीपी आहे का?
• बॅकअपमधून एखादी फाइल शेवटची कधी परत आणून पाहिली?
• रात्रीतून काही घडलं तर सकाळी कळेल कशावरून?

घानातली लाइट गेली म्हणून

मर्स्कमध्ये त्या दिवशी सर्वांत मोठा घाव बसला तो डोमेन कंट्रोलरना. नेटवर्कवर कोण कोण आहे आणि कोणाला कशाची परवानगी आहे, याची नोंदवही ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्कचे असे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि प्रत्येकाकडं त्याच नोंदवहीची प्रत होती. एखादा बिघडला तर दुसऱ्यावरून नक्कल घ्यायची, असा हिशेब. सगळेच एकदम पुसले जातील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्यामुळं नोंदवहीचा वेगळा बॅकअपच नव्हता.

वाचला तो घानातला एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो बंद होता! तिथलं इंटरनेट एवढं धिमं, की सगळं पुन्हा उभं करायचं काम जिथं चाललं होतं त्या इंग्लंडला माहिती लाइनवरून पाठवणं शक्य नव्हतं. हार्ड डिस्क हातात घेऊन माणूस नायजेरियाला गेला, तिथं ती दुसऱ्याच्या हवाली झाली आणि लंडनच्या विमानात चढली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढं दावोसमध्ये सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

एकमेकांशी जोडलेल्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. एकीत झालेला बदल दुसरीत उतरतो, तसंच खोडलेलंही उतरतं. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क रॅन्समवेअरला आणखी एका फोल्डरसारखीच दिसते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक संस्थेच्या बाहेर, हा जुना नियम अजून टिकून आहे. त्यात मी एवढीच भर घालीन, की एक प्रत तरी केबल काढून ठेवलेली हवी. एम्समध्ये ई-हॉस्पिटलची सगळी माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरमुळं.

नोंदी, घड्याळं आणि सोमवारची सकाळ

हल्ले पुष्कळदा सुट्टी बघून होतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला झाला, तो शनिवार होता. एटीएममध्ये कार्ड घातलं की पैसे द्यायचे का, हा प्रश्न एटीएम स्विच नावाच्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडं जातो. हल्लेखोरांनी मधे खोटा स्विच उभा केला. तो प्रश्न पुढं न पाठवता स्वतःच ‘द्या’ म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातल्या देशात आणखी अडीच कोटी. सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. आलेले प्रश्न आणि मुख्य यंत्रणेपर्यंत पोचलेले प्रश्न यांचा मेळ सतत घालत राहिलं तर अशी तफावत काही मिनिटांत डोळ्यांत भरते. सुट्टीच्या दिवशीही तो मेळ घालणारी सोय मात्र हवी.

त्यासाठी नोंदी, म्हणजे लॉग, आधी असायला हव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला आहे: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. त्याच आदेशातलं एक कलम फारसं कुणी वाचत नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं मागे आणि सर्व्हरचं चार मिनिटं पुढं असेल, तर आधी कोण आणि नंतर कोण हे सांगताच येत नाही आणि तपास तिथंच अडतो.

लॉग त्याच कॉम्प्युटरवर ठेवून भागत नाही. नॉटपेट्या काम झालं की विंडोजचे लॉग पुसून टाकायचा. म्हणून ते घडल्याघडल्या वेगळ्या सर्व्हरवर जायला हवेत, आणि त्या सर्व्हरचं लॉगिन रोजच्या ॲडमिनकडं नको. आता हे सगळं वाचणार कोण? मोठ्या बँकेत त्यासाठी चोवीस तास माणसं बसलेली असतात, ऐंशी कॉम्प्युटरच्या संस्थेत ते परवडत नाही. तिथं सोमवारी सकाळी अर्धा तास काढून एवढं तरी बघावं: शनिवार-रविवारच्या रात्री ॲडमिन नावानं कुणी लॉगिन केलं होतं का, एखादा कॉम्प्युटर थोड्याच वेळात दहा-वीस दुसऱ्या कॉम्प्युटरांची दारं वाजवत सुटला होता का, आणि शुक्रवारचा बॅकअप पुरा झाला की मधेच थांबला.